गॅरेट एस (ACE) २५०: पहिला मेटल डिटेक्टर म्हणून कसा आहे?

पहिल्याच दिवशी खड्ड्यातली मूठभर माती उचलून कॉइलवरून, म्हणजे दांडीच्या टोकाला असलेल्या धातू हुडकणाऱ्या तबकडीवरून, फिरवली आणि घंटा वाजली. माती कापडावर टाकून बोटांनी चाळली, तर काहीच नाही. दुसरी मूठ घेतली, पुन्हा घंटा. वीस मिनिटं हेच चाललं होतं. माझा भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "आत्या, आता रिकामी मूठ फिरव बघू." रिकाम्या मुठीलाही तीच घंटा वाजली. माझ्या बोटात चांदीची अंगठी होती.

घरी आल्यावर एक गोष्ट वाचली. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरात अडकलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी आवाजाचा गोंधळ केला आणि गोळी काही मिळाली नाही. तेव्हापासून बाहेर पडताना अंगठी, घड्याळ, कमरेची कात्री सगळं काढून ठेवते. बूटसुद्धा लोखंडी टोकाचे नकोत. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

माझा धंदा शिवणकामाचा. मान खाली घालून बारीक काम करायची सवय आहे आणि दिवसभर बसून पाठ धरते, म्हणून सकाळी चालायचं निमित्त हवं होतं. गॅरेटचं एस २५० घेतलं त्याला आता दोन हंगाम झाले. मॉडेल जुनं आहे, त्याच घराण्यात पुढे २००, ३००, ४०० अशी आली. पण वापरलेलं एस २५० अजूनही हातोहात फिरतं आणि नवशिक्यांना अजूनही हेच सुचवलं जातं. ते योग्य आहे का, एवढंच मला सांगायचंय. माझं उत्तर हो आहे, पण लोक जे कारण देतात त्या कारणासाठी नाही.

लोक म्हणतात, सोपं आहे, चालू करा आणि निघा. चालू करून निघता येतं हे खरं. चार पेन्सिल सेल घातले, दांडी जोडली, कॉइलची केबल दांडीभोवती गुंडाळली की झालं. केबल ढिली राहू देऊ नका, कॉइलसमोर लोंबली की खोटे आवाज येतात. वजन साधारण सव्वा किलो. पहिल्या आठवड्यात माझं कोपर दुखलं, कारण दांडी लांब ठेवून मी वाकून चालत होते. दांडी एक भोक आत घेतली, कोपर हातपट्टीत नीट बसवलं आणि हात खांद्यातून हलवायला लागले, तेव्हा दुखणं थांबलं. उंचीप्रमाणे दांडी बसवायला पाच मिनिटं द्या. त्यात घाई नको.

आता मूळ मुद्दा. हे यंत्र तीन आवाजांत बोलतं. लोखंडाला खालचा, मधल्या धातूंना मधला, आणि चांदी-तांब्यासारख्या विजेच्या चांगल्या वाहकांना घंटेसारखा. पडद्यावर बारा खुणांची पट्टी असते, सापडलेली वस्तू त्यातल्या एकीखाली दिसते. बस्स. शून्य ते नव्याण्णव असे आकडे दाखवणारी यंत्रं आता बरीच आहेत, याच घराण्यातलं ३०० तसंच आहे. पण माझ्या अनुभवात आकडा असला की डोळे पडद्याला चिकटतात. इथे बघण्यासारखं थोडंच असल्यामुळे ऐकावं लागतं. मशीनवर शिवताना सुई बोथट झाली की आवाजावरून कळतं, बघावं लागत नाही. डिटेक्टरचंही तसंच होतं, फक्त कान तयार व्हायला वेळ लागतो. माझे चार महिने गेले.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढचे बरेच खड्डे वाचतात. कॉइल सेकंदाला साडेसहा हजार वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, हीच या यंत्राची वारंवारता. खाली धातू असेल तर त्यात विजेचे छोटे भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते उलट स्वतःचं क्षेत्र पाठवतात. ते क्षेत्र किती मागे पडून येतं त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. म्हणजे यंत्राला 'सोनं' किंवा 'नाणं' असं काही कळत नाही. त्याला कळते ती वाहकता, आणि तीही आकार-जाडीत मिसळलेली. म्हणूनच बारीक सोन्याची अंगठी, चॉकलेटचं चंदेरी फॉइल आणि थंड पेयाच्या कॅनवरची कडी हे तिघे पट्टीवर साधारण एकाच भागात येऊन बसतात.

यात मोडची गोष्ट येते. एकूण पाच मोड आहेत: सगळे धातू, दागिने, जुन्या वस्तू, नाणी, आणि आपल्या हाताने खुणा बंद-चालू करायचा एक. नवा माणूस नाण्यांचा मोड लावतो, कारण त्यात कचरा गप्प बसतो. मीही तेच केलं. पण कॅनची कडी गप्प बसते तेव्हा तिच्याबरोबर अंगठीही गप्प बसते. शिवाय नाण्याला खिळा चिकटून पडला असेल तर खिळ्याबरोबर नाण्याचा आवाजही तुटतो. म्हणून माझा आग्रह आहे की पहिले शंभर खड्डे 'सगळे धातू' वर काढा आणि वहीत लिहा: आवाज कसा, खूण कितवी, खोली किती, निघालं काय.

माझ्या वहीतले पहिले शंभर असे आहेत. खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे ३८. कड्या आणि फॉइल ३१. बाटल्यांची झाकणं १७. नाणी ८, बटणं ३, इतर २, आणि एक खोटी अंगठी. हे वाचून कुणी मागे हटेल, पण त्या शंभरांनी मला जे शिकवलं ते पुढे रोज कामी आलं. उदाहरणार्थ वाकडा खिळा. वाकलेलं किंवा रुंद गंजकं लोखंड कधीकधी सरळ घंटा वाजवतं आणि पट्टीवर चांदीच्या जागी जाऊन बसतं. ओळखायची रीत अशी: आवाज आला की त्या जागेभोवती काटकोनात फिरायचं आणि दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवायची. नाणं दोन्हीकडून गोल, पूर्ण आवाज देतं. खिळ्याचा आवाज एका दिशेने खणखणीत आणि दुसऱ्या दिशेने फाटका, नाहीतर खालच्या सुराचा. लोखंडी झाकणं मात्र मला अजूनही फसवतात.

कॉइल लंबगोल आहे, साडेसहा बाय नऊ इंच. जमिनीच्या जवळ, जमिनीला समांतर ठेवायची. झाडू मारताना टोकाला हात वर जातो तसा इथे जाऊ द्यायचा नाही. तेवढ्या इंचभर उचलण्यात खोलवरचं नाणं निसटतं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची, कारण या कॉइलचा मारा खाली जाताना शंकूसारखा निमुळता होतो. पट्टे जोडताना आपण शिवण दाबून घेतो, तसंच. पडद्यावरची खोली इंचांत येते, पण ती नाण्याएवढ्या वस्तूचा अंदाज धरून काढलेली असते. पत्र्याचा मोठा तुकडा 'दोन इंचांवर' म्हणून दाखवतो आणि प्रत्यक्षात हातभर खाली असतो. माझं सगळ्यात खोल नाणं सहा इंचांवर मिळालं. उभं पडलेलं नाणं त्याहून वर असलं तरी क्षीण वाजतं.

संवेदनशीलतेच्या आठ पायऱ्या आहेत. वर ठेवावीशी वाटते, पण विजेच्या तारांखाली किंवा दुसरा डिटेक्टरवाला जवळ असेल तर यंत्र एकटंच बडबडायला लागतं. तेव्हा दोन-तीन पायऱ्या खाली या. शांत यंत्र थोडं उथळ ऐकतं, पण जे ऐकतं ते खरं असतं.

मर्यादाही सांगते. जमिनीतल्या खनिजांचा तोल, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज यंत्राने सोडून द्यायची सोय, कारखान्यातच ठरवून दिलेला आहे, आपल्याला तो बदलता येत नाही. लोह जास्त असलेल्या जमिनीत आणि खाऱ्या ओल्या वाळूत अशा एका वारंवारतेच्या यंत्राची पंचाईत होते. कोरड्या वाळूत ठीक चालतं. कॉइल पाण्यात बुडालेली चालते, वरची पेटी नाही, पाऊस आला तर तिला झाका. आवाज कमी-जास्त करायची सोय यंत्रावर नाही, म्हणून आवाजाचं बटण असलेला हेडफोन घ्या. जाड पिनचा लागतो, मोबाइलचा बसत नाही. हेडफोन ही चैन नाही. क्षीण आवाज वाऱ्यात ऐकूच येत नाहीत, आणि मी जे क्षीण आवाज खणले त्यांतच दोन जुनी नाणी होती. तुमचं चालणं मुख्यतः समुद्रकाठी होणार असेल तर हे घेऊ नका, अनेक वारंवारता एकत्र वापरणारं मिनेलॅबचं व्हॅनक्विश बघा. पाण्यात उतरायचं असेल तर तीन मीटरपर्यंत बुडणारं नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस आहे.

यंत्राच्या बरोबरीने लागतो तो पिनपॉइंटर, म्हणजे वस्तू नेमकी कुठे आहे ते शोधायला खड्ड्यात घालायची हातभर नव्हे, वीतभर कांडी. आधी घेतलेली एक स्वस्तातली कांडी दुसऱ्या पावसात बंद पडली आणि विकणाऱ्याने हात वर केले. नंतर गॅरेटचाच नारिंगी प्रो-पॉइंटर एटी घेतला. तो पाण्यात चालतो, नऊ व्होल्टच्या सेलवर चालतो, आणि गवतात विसरलात तर पाच मिनिटांनी चिवचिवायला लागतो. मी दोनदा विसरलेय. त्याच्यामुळे खड्डा तळहाताएवढा राहतो. कांडी नसताना मी फूटभर रुंद उकरत होते, आणि एक नाणं खुरप्याच्या धारेने चरलं गेलं. ती चरी बघितली की अजून वाईट वाटतं.

खड्ड्याचं नीट ऐका. गवतात खुरपं तीन बाजूंनी मारा, चौथी बाजू जोडलेली ठेवा आणि झाकण उलटं करा, खिशाचं फ्लॅप उघडतो तसं. माती कापडावर काढा. वस्तू मिळाली की माती परत घाला, फ्लॅप दाबा, वरून पाय ठेवा. मुळं फारशी तुटत नाहीत आणि आठवड्यात जागा ओळखू येत नाही. निघालेला कचरा पिशवीत भरून न्या. नाणं जागेवर चोळू नका, मातीचे कण वाळूच्या कागदासारखे ओरखडे काढतात.

आणि परवानगी. जमीन कुणाची ते विचारल्याशिवाय यंत्र चालूच करू नका. संरक्षित आणि पुरातत्त्वीय जागा तर पूर्ण वर्ज्य. सापडलेल्या जुन्या वस्तूंबद्दल देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, कुठे परवाना लागतो, कुठे वस्तू कळवावी लागते. आपल्या जागेचा कायदा आधी वाचा. जुनी वस्तू जिथून उचलली ती जागा आणि खोली लिहून ठेवली नाही तर तिची अर्धी माहिती तिथेच संपते. आणि बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना सांगा.

मी ज्यांच्या शेतात जाते त्या काकांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, माझ्या नांगराला लागतात ते खिळे काढून नेलेत तरी उपकार होतील." खिळे पुष्कळ नेले. एका सकाळी मधल्या सुराचा, अगदी हलका आवाज आला, दोन्ही दिशांनी सारखा. चार इंचांवर एक पितळी बटण मिळालं, मागे तारेची कडी असलेलं. कडी एका बाजूने घासून पातळ झाली होती. असं बटण नुसतं चार टाक्यांनी बसवलं, खाली दोऱ्याचा देठ सोडला नाही, की कापड त्याला एकाच बाजूने ओढतं आणि कडी झिजते. घाईत लावलेलं बटण होतं ते. मी ते काकांकडे नेलं. त्यांनी अंगठ्याने माती पुसली, बराच वेळ उलटसुलट केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

हा हंगाम संपल्यावर मी आकडे दाखवणारं यंत्र घेणार आहे, जमिनीचा तोल हाताने साधता येईल असं. एस २५० विकणार नाही, भाच्याला देतेय. सेल काढून ठेवलेत, नाहीतर पेटीत गळतात. त्याला नाण्यांचा मोड लावायची घाई झालीय. त्याच्यासाठी नवी वही आणून ठेवलीय, पहिल्या पानावर एक ते शंभर आकडे घालून.