नऊ महिने, त्यात एक मे महिना: धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरातला होम सर्व्हर

दसऱ्याला सर्व्हर, म्हणजे घरचे फोटो-गाणी साठवून दिवसरात्र चालू राहणारा कॉम्प्युटर, बसवला; आता पेरण्या उरकल्यात. मुद्दाम उन्हाळा काढून मग लिहितोय. आमच्या यावल तालुक्यात (जळगाव जिल्हा) मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि मशीन टिकणार की नाही ते तेव्हाच कळतं.

हे सगळं का केलं ते आधी सांगतो. मोठ्या मायने म्हटलेली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी बहिणीच्या फोनमध्ये होती. फोन बंद पडला आणि निम्मी गाणी गेली. मोठी माय आता नाही. उरलेली गाणी एकाच फोनच्या भरवशावर ठेवायची नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

सामान साधं आहे. ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप, 16 जीबी रॅम, सिस्टीमसाठी छोटी एसएसडी आणि 4 टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तोच डेटा. डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना, हे बघूनच घ्या. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलावी लागतात, तसंच तिथं लिहिताना होतं आणि डिस्क रखडते. सिस्टीम ओपनमीडियावॉल्ट (साठवणुकीच्या सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम), फोटोंसाठी इमिच (गूगल फोटोजसारखं, पण घरच्या मशीनवर चालणारं ॲप). मीटर लावून पाहिलं तर एरवी 22 वॅट खातं, म्हणजे महिन्याला साधारण 16 युनिट.

सगळ्यात मोठी चूक जागेची झाली. फायबरची वायर वरच्या पत्र्याच्या खोलीत आली होती, म्हणून सर्व्हरही तिथंच ठेवला. मार्चमध्येच डिस्क 54 अंशांवर गेली. मग खाली माजघरात आणला. दोन-अडीच फुटी मातीच्या भिंती, वर धाबं. ऐन मे महिन्यात दुपारी तीनलासुद्धा डिस्क 47 च्या वर गेली नाही. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. त्या हवेत दमट ओल असते, ती मशीनला नको.

ज्या भिंतीनं डिस्क वाचवली तिनंच वायफाय अडवलं. ओट्यावर रेंज शून्य. महागडा राउटर घ्यायचा विचार होता, पण मातीच्या जाड भिंतीपुढे त्याचाही फार उपयोग होत नाही. कॅट-सिक्स नेटवर्क केबल ओढली आणि जुना राउटर ओट्याजवळ ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारं उपकरण) म्हणून लावला. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं, चॅनल वेगळा दिला. लॅपटॉप केबलनं जोडूनही फाइल सेकंदाला 11 एमबीनेच जायची. दोन दिवस सॉफ्टवेअर तपासत बसलो. शेवटी दोष सापडला टोकाच्या जॅकमध्ये: एक तार नीट दाबली गेली नव्हती. गिगाबिटला (सेकंदाला 1000 मेगाबिट) आठही तारा लागतात, चारच चालल्या तर जोडणी 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे जेमतेम 12 एमबी) येते. जॅक पुन्हा क्रिम्प केला, वेग 110 एमबी.

विजेचं काय? घरात इन्व्हर्टर आहे म्हणून मी निर्धास्त होतो, पण लाइट गेली की सर्व्हर रिस्टार्ट व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागचं बटण साध्या मोडवर होतं. यूपीएस मोडवर (लाइट गेल्यावर झटकन बॅटरीवर जाणारा) केलं तेव्हा ते थांबलं. शिवाय एक छोटा यूपीएस घेतला, त्याची यूएसबी सर्व्हरला जोडली. बॅटरी संपत आली की सर्व्हर आपणहून नीट बंद होतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (लाइटीसारख्याच सलग लहरींची वीज देणारा) असेल तरच असा यूपीएस त्याच्यामागे लावा. स्क्वेअर वेव्हवर बरेच यूपीएस वीज नाकारून सारखे बॅटरीवर जातात. आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) 'वीज आली की चालू हो' ही सेटिंग करून ठेवा, नाहीतर शेतातून घरी फोन करून माईला बटण दाबायला सांगावं लागतं.

पुण्याहून दादाला फोटो बघायचे होते. पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून सर्व्हरपर्यंत बाहेरून वाट उघडणं) करून थकलो. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीनं त्याला दिलेला पत्ता) 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्या व्यवस्थेच्या) मागे आहात; बाहेरून दार उघडणार नाही. टेलस्केल (आपल्याच उपकरणांना इंटरनेटवरून खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) लावलं, दहा मिनिटांत दादा आत. पोर्ट उघडं ठेवण्यापेक्षा हे सुरक्षितही वाटतं.

इमिचवर मी खूश आहे. चेहरे ओळखण्याचं काम घरच्याच मशीनवर होतं, फोटो बाहेर जात नाहीत. पण नुसत्या फोटोंच्या फोल्डरची प्रत काढून भागत नाही. अल्बम, नावं, तारखांच्या दुरुस्त्या डेटाबेसमध्ये असतात, त्याचीही प्रत हवी. आणि दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरून फाइल पुसली की दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते.

म्हणून तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि दिवाळी-आखाजीला दादा आला की ती पुण्याला जाते. यंदा आखाजीला आत्या आल्या होत्या. ओट्यावर गाणी लावली, तर मोठी आत्या म्हणाली, "यातलं एक कडवं राहिलंय रे." तिनं ते म्हणून दाखवलं आणि मी लगेच रेकॉर्ड केलं. दादाच्या बॅगेतल्या डिस्कवर तेही गेलं.