स्क्रीनवर ७३ टक्के, आणि मोटर बंद

होडीला सोलरवरची मोटर बसवायचा विचार करणाऱ्यांनी हे वाचावं. दुसऱ्या कुणावर अशी संध्याकाळ येऊ नये.

आमची बावीस फुटी शिडाची होडी दाभोळच्या खाडीत असते. खारा वारा तिन्हीसांजेला मावळतो आणि मतलई सुटायला रात्र होते. मधल्या वेळात शीड नुसतं लोंबतं. तेवढ्यासाठी जुनं पेट्रोलचं इंजिन होतं. ते काढून बॅटरीवरची मोटर बसवायची आणि छतावरच्या पॅनलवर बॅटरी भरायची, असं मी आणि धाकट्या भावाने ठरवलं.

हिशेब पक्का होता. आमच्या होडीला तीन नॉटला, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरला, साधारण एक किलोवॅट लागतो. वेग जरा वाढवला तर वीज कितीतरी जास्त जाते, म्हणून तीनवरच थांबायचं. ३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट, म्हणजे पाच युनिट वीज. जपून वापरली तरी चार तास निघतात. ४०० वॉटची पॅनल हिवाळ्याच्या उन्हात दिवसाला दीडेक युनिट देतात. शनिवारी वापरलेली वीज आठवड्यात आरामात भरून येते. हा हिशेब मी आजही बदलणार नाही. घात झाला तो सेल घेताना.

मुंबईच्या एका विक्रेत्याने १६ सेल ५८ हजारांना दिले, इतरांपेक्षा पंधराएक हजारांनी स्वस्त. "काका, एकदम नवा माल, तुमच्यासमोर मोजतो," म्हणत त्याने एकेका सेलला मीटर लावला. ३.२९, ३.३०, ३.२९... सोळाही सारखे. मी निश्चिंत झालो आणि पैसे दिले.

इथेच माणूस फसतो. या जातीच्या सेलचा व्होल्टेज भरलेला असताना आणि बराचसा रिकामा झाल्यावरही जवळपास तेवढाच राहतो. त्यात वीज मावते किती, हे तर मीटर सांगूच शकत नाही. विहीर काठोकाठ दिसते, पण खाली गाळ किती साचलाय ते उपसल्याशिवाय कळत नाही.

पहिले काही दिवस खाडीतच अर्धा-अर्धा तास फिरलो, काही जाणवलं नाही. मग डिसेंबरात, पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, खाडीच्या तोंडावरच्या अंजनवेलच्या बाहेर गेलो. पाचच्या सुमारास वारा पडला. ओहोटी जोरात होती, तरी मोटर लावून आत यायला लागलो. सव्वासहाला गोपाळगडाच्या खाली मोटर एकदम गप्प झाली. स्क्रीनवर ७३ टक्के दिसत होते. भाऊ बटणं दाबत राहिला, आणि होडी उलटी समुद्राकडे वाहायला लागली. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा बरोबर होता. नांगर टाकला, तो एकदा घसरला, मग धरला. अंधार पडताना एक मच्छीमार बोट आत येत होती. तांडेल ओरडला, "दादा, दोर फेका इकडं!" त्यांनी ओढत धक्क्याला आणलं. डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. त्या माणसांचे उपकार फिटणारे नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका सेलवरचं निळं प्लास्टिक ब्लेडने सोललं. आत कंपनीचा कोड होता तिथे घासलेली खरखरीत पट्टी. टोकांवर पॉलिश पेपरचे ओरखडे, आणि नव्या बोल्टच्या कडेला जुन्या वेल्डिंगचा अर्धा गोल. कुठल्या तरी गाडीच्या बॅटरीतून उपटून काढलेले सेल होते ते.

चिपळूणला रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा माझा मित्र आहे. त्याच्या यंत्रावर सगळे सेल पूर्ण भरून, मग रिकामे करून मोजले. बहुतेक चाळीसच्या आसपास भरले, सर्वांत वाईट २७ अँपिअर-अवर. सेल एकापुढे एक असले की सगळ्यांत दुबळा संपला की बॅटरीवरचं संरक्षक सर्किट सगळंच बंद करतं. आणि त्या सर्किटला क्षमता १०० सांगितलेली, म्हणून २७ वापरून झाले तरी ते बिचारं ७३ शिल्लक दाखवत होतं.

विक्रेता म्हणाला, "खारी हवा लागली, त्याची गॅरंटी नाही." मग फोन उचलणंच बंद केलं. माझ्या हातात कच्चं बिल, त्यावर नुसतं 'बॅटरी सामान'. ही चूक तरी करू नका. बिलावर जीएसटी क्रमांक, सेलची क्षमता आणि 'नवीन' हा शब्द लिहून घ्या. विक्रेत्याला सांगा, माझ्यासमोर कुठलाही एक सेल भरून २० अँपिअरवर रिकामा करून दाखव. १०० चा असेल तर पाच तास लागतील, बसून राहा. नाही म्हणाला तर उठून या. आणि बसवल्यावर होडी धक्क्याला घट्ट बांधा, मोटर तीन नॉटला लागते तेवढ्या विजेवर बंद पडेपर्यंत चालवा, घड्याळ लावा. आम्ही हे केलं असतं तर सगळं धक्क्यावरच कळलं असतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, त्याची कागदपत्रं तयार करतोय. बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सोललेल्या सेलचे फोटो, सगळं जपून ठेवलंय. जुने सेल पडवीत वेगळे ठेवलेत, पुरावा म्हणून.

नवे सेल दुसरीकडून घेतले. चिपळूणला एकेक करून मोजतोय. अकरावा कालपर्यंत झाला, १०२ भरला. उरलेले पाच होईपर्यंत होडी खाडीबाहेर काढायची नाही, असं भावाने मुलाला सांगून ठेवलंय.