जसजसं–तसतसं स्पॅनिशमध्ये: धरमपेठेतल्या रविवारच्या बॅचचा एक धडा

हळूहळू आणि सोबतच होणारा बदल स्पॅनिशमध्ये कसा सांगायचा, हा धडा धरमपेठेतल्या या स्पॅनिश क्लासच्या बी-वन (मध्यम पातळीच्या) बॅचमध्ये एकाच रविवारी, अडीच तासांत होतो. वेळ पुरेसा आहे, पण वापरला अर्धवट जातो.

सुरुवात मात्र झकास. नियम नंतर, आधी मेट्रो: ‘अ मेदीदा के नोस आसेर्कामोस अ बर्डी, एल मेत्रो से बा येनान्दो.’ बर्डी (नागपूरचं सीताबर्डी) जवळ येते तसतशी मेट्रो भरत जाते. ‘अ मेदीदा के’ म्हणजे ‘जसजसं’. ‘बा येनान्दो’ म्हणजे अक्षरशः ‘भरत जाते’. ‘इर’ म्हणजे जाणे, त्याला मुख्य क्रियापदाचं -आन्दो किंवा -येन्दो रूप जोडायचं. मराठी माणसाला हे आयतं मिळालेलं आहे. तरी शिकवणं इंग्रजी ‘अ‍ॅज’वरून चालतं, आणि ‘अ‍ॅज’ कारणालाही चालतो, वेळेलाही. मग पोट्टे सर्रास ‘मियेन्त्रास’ लिहितात. एकटं ‘मियेन्त्रास’ फक्त ‘चालू असताना’ एवढंच सांगतं. वाढ-घट त्यात येत नाही. (‘मियेन्त्रास मास’ वेगळं, लॅटिन अमेरिकेत ते ‘जितकं जास्त’साठी चालतं.)

मराठीचाही एक खड्डा आहे, त्याबद्दल वर्गात अवाक्षर नाही. ‘तसतसं’ला स्पॅनिशमध्ये जोडीदार नाही, नुसता स्वल्पविराम येतो. तिथे ‘आसी’ (तसं) घुसवलं की वाक्य बिघडलं. उलट ‘जितकं–तितकं’ला दोन्ही बाजू लागतात: ‘कुआन्तो मास… मास’. पुढे नाम आलं तर कुआन्तो त्याच्याप्रमाणे बदलतो. गर्दीसाठी ‘कुआन्ता मास खेन्ते’, संत्र्यांसाठी ‘कुआन्तास मास नारान्खास’. हा भाग छान घोटून घेतात.

खरी गडबड भविष्यकाळाची. ‘जसजसं तापमान वाढेल’ असं डोक्यात असलं की हात ‘सुबिरा’ लिहितो. ते चूक. अजून न घडलेल्या गोष्टीला सबजंक्टिव्ह, म्हणजे क्रियापदाचं एक वेगळं रूप, लागतो: ‘अ मेदीदा के सुबा ला तेम्पेरातूरा, इरेमोस बेबिएन्दो मास आग्वा.’ नेहमीची गोष्ट असेल तर ‘सुबे’, घडून गेली असेल तर ‘सुबीआ’. सरावाच्या 20 वाक्यांत भविष्यकाळाची फक्त दोन. चुका जिथे होतात तिथेच सराव नाही, मग उपयोग काय?

‘कोन्फोर्मे’ आणि ‘सेगून’ शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. हरकत नाही, दोन्ही ‘अ मेदीदा के’सारखेच चालतात, फक्त मागे ‘के’ लावायचा नाही.

हँडआउटच्या तिसऱ्या पानावर ‘अ मेदीदा एन के’ छापलंय, ते खोडून ‘अ मेदीदा के’ करून घ्या. ‘एन ला मेदीदा एन के’ ही निराळी रचना, तिचा अर्थ ‘ज्या प्रमाणात’. दोघांची भेसळ होऊन तिसरंच तयार झालंय.