एनोक्सापॅरिनची सुई, सहा महिने वापरून

आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर, त्यात केमो चालू असताना डावी पोटरी टम्म सुजली, आधी वाटलं चालून दुखावली असेल, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की शिरेत गुठळी आहे. तेव्हापासून ही रक्त गोठू न देणारी सुई सकाळ-संध्याकाळ मीच टोचतोय, म्हणजे साडेतीनशेच्या वर झाल्या, म्हणून म्हटलं रिव्ह्यू लिहावा.

सिरींज भरलेलीच येते, सुई एकदम बारीक, आणि दट्ट्या पूर्ण दाबला की खट्कन कवच पुढे येतं, आपल्या बोटात घुसायची भीती नाही. पहिल्या दिवशी मी हुशारी करून टिचकी मारून हवा काढायला गेलो आणि दोन थेंब औषध खाली सांडलं, नर्सबाई जाम ओरडल्या. पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो बुडबुडा काढायचाच नाही, औषध पूर्ण आत जावं म्हणून तो असतो. बेंबीपासून दोन इंच सोडून, चामडी चिमटीत धरून टोचायचं आणि नंतर चोळायचं नाही. मी चोळत होतो, आईच्या पोटाचा नकाशा झाला निळा-जांभळा. डाग तसेही पडतात, जळजळही होते, त्याचे मार्क कापले. मधूनमधून प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणारे कण) आणि किडनीच्या टेस्टही कराव्या लागतात.

आता मुद्द्याचं. आई अजून गाठ (कॅन्सरची) आणि गुठळी (रक्ताची) यात घोळ घालते, पण वाचत गेलो तसं कळलं की दोघींचं साटंलोटं खरंच आहे. ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1865 मध्येच हा संबंध सांगितला होता, पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झाल्यावर त्यांनी आपलं निदान ओळखलं आणि 1867 मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेले. होतं असं की टिश्यू फॅक्टर नावाचं प्रोटीन एरवी रक्तापासून लांब असतं, जखम झाली तरच रक्ताला लागतं, पण कॅन्सरच्या पेशी ते अंगावर मिरवतात आणि बारीक कणांतून रक्तात सोडतातही, मग रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तयार होतं आणि त्याने फायब्रिनचं, म्हणजे गुठळीच्या धाग्यांचं, जाळं विणलं जातं. रक्तात सुटलेली कॅन्सरची पेशी हेच जाळं आणि प्लेटलेट्स गोधडीसारखे पांघरते, मग शरीराच्या पहारेकरी असलेल्या नॅचरल किलर पेशींना ती सहज सापडत नाही आणि दुसऱ्या अवयवात जाऊन बसायला तिला सोपं जातं. वर थ्रॉम्बिन गाठीच्या पेशींना वाढायचा इशारा देतं ते वेगळंच!

हे वाचून मला वाटलं अरे मग ही सुई कॅन्सरलाच हाणेल की, उंदरांमध्ये हेपॅरिनने (एनोक्सापॅरिन त्याच कुळातलं) कॅन्सरचं पसरणं कमी झालेलं दिसलंही आहे. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 2,202 पेशंटवर याच जातीच्या डाल्टेपॅरिनची ट्रायल झाली, गुठळ्या कमी झाल्या, आयुष्य काही वाढलं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही मला, खरं सांगतो.

तर गुठळीसाठी पाचपैकी साडेचार, सूज उतरली, आई पुन्हा जिना चढते. वापरायला तीन. कॅन्सरवर उपाय म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर शून्य. सुईऐवजी ॲपिक्साबानची (हीही रक्त गोठू न देणारी) गोळी चालेल का ते पुढच्या व्हिजिटला विचारणार आहोत, काही कॅन्सरमध्ये, विशेषतः पोट-आतड्याच्या, अशा गोळ्यांनी ब्लीडिंगची भीती असते म्हणून डॉक्टर आधी रिपोर्ट बघणार म्हणाले. आईने मात्र आत्ताच उरलेल्या सिरींज मोजायला घेतल्यात, चौदा आहेत.