मसाल्याच्या ब्रँडचं ट्रेडमार्क प्रमाणपत्र: वर्षभर वापरल्यानंतर

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा कराडजवळ आहे. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल. ट्रेडमार्कचं, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र येऊन वर्ष होत आलं. ‘ते घेऊन फायदा काय झाला?’ असं बचत गटातल्या बायका सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी खर्च. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका गटासाठी, ४,५०० रुपये. ही सवलतीची फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना लागू आहे, बाकीच्यांना ९,००० पडतात. लघुउद्योग म्हणून अर्ज करणार असाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधी काढून ठेवा. एजंटाची फी वेगळी, आणि ती माणूस बघून बदलते. चार ठिकाणी विचारा.

वर्ग हा प्रकार नीट समजून घ्या. माल आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या. आमची नोंदणी फक्त ३० मध्ये आहे. यंदा सासूबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं विकायला काढलं, त्यासाठी दुसरा अर्ज आणि दुसरी फी भरली.

नाव पक्कं करण्याआधी सरकारी साइटवर शोध मोफत घेता येतो. तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे आणि ती फार कामाची. आपण नाव मराठीत ठरवतो, पण बहुतेक नोंदी रोमन लिपीत असतात. त्यामुळे एकाच नावाची जेवढी स्पेलिंग सुचतील तेवढी टाकून बघायची. लोगो आणि नाव यांपैकी एकाचाच खर्च झेपत असेल तर नुसतं नाव नोंदवा, असं माझं स्पष्ट मत आहे. छापखानेवाला दर दोन वर्षांनी डिझाइन बदलायला लावतो, नाव तेच राहतं.

अर्जानंतर तपासणी अहवाल आला. त्यात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ खाली आक्षेप होता: सारख्या उच्चाराची दोन नावं आधीच नोंदलेली. आक्षेप आला म्हणजे अर्ज बुडाला असं समजून बरेच जण हात टेकतात. तसं काही नाही, आक्षेप पुष्कळ अर्जांना येतात. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ती मुदत मात्र चुकवू नका. जुनी बिलं, पाकिटं, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा खात्याचा) परवाना, जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या असं सगळं जोडलं. वापर आधीपासून असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच दिलं होतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. मग नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये, म्हणजे त्यांच्या सरकारी साप्ताहिकात, छापून आलं. तिथून चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. आमच्या नावाला कुणी हरकत घेतली नाही आणि प्रमाणपत्र ईमेलवर आलं. सोनेरी शिक्क्याची फ्रेम भिंतीवर लावायची स्वप्नं असतील तर प्रिंट स्वतः काढावी लागते.

आता खरा वापर. एका ऑनलाइन बाजारावर आमच्याच नावाने कुणीतरी मसाला विकत होतं. पूर्वी तक्रार केली की ‘पुरावा द्या’ म्हणून फेटाळायचे. या वेळी नोंदणी क्रमांक टाकला आणि तो माल तिथून हटला. एवढ्या एका कामासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आठवडी बाजारातला अनुभव वेगळा. तिथे एकाने नावात एक अक्षर बदलून लाल पाकीट काढलं होतं. त्याला प्रमाणपत्राची प्रत दाखवली तर तो हसला. वकिलाची नोटीस गेली तेव्हा त्याने पुढच्या छपाईत नाव बदललं. नोटिशीचे पैसे आम्हीच भरले. कागद आपल्या बाजूने उभा राहतो, पण त्याला उभं करायला आपणच जावं लागतं. आणि कुणी आपल्याही आधीपासून ते नाव प्रामाणिकपणे वापरत असेल, तर नोंदणी दाखवूनही त्याला अडवता येत नाही. वकिलाने आणखी एक गोष्ट दाखवली. प्रमाणपत्राच्या तळाशी लिहिलेलं असतं की हे कोर्टाच्या कामासाठी किंवा परदेशात नोंदणीसाठी वापरायचं नाही. कोर्टात जायची वेळ आली तर वेगळा अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यावी लागते.

पाकिटावर नावाशेजारी नोंदणीआधी टीएम (ट्रेडमार्क) लिहिता येतं. गोलातला आर (®), म्हणजे ‘नोंदणीकृत’ची खूण, मात्र नोंदणी झाल्यावरच. शेजारचे काही जण अर्ज टाकल्या टाकल्या आर छापतात, ते कायद्यात बसत नाही.

सांभाळण्याचं काम कंटाळवाणं आहे. जर्नल दर सोमवारी निघतं. मुलगा त्यात आमच्या वर्गातली नावं चाळतो, कारण मिळतंजुळतं नाव दिसलं तर विरोध आपणच नोंदवायचा असतो. त्याची ऑनलाइन फी २,७०० रुपये. सलग पाच वर्षं नाव वापरलं नाही तर ते काढून टाकण्याचा अर्ज दुसरा कुणी करू शकतो, म्हणून दर वर्षाची बिलं आणि एकेक पाकीट फायलीत ठेवते. पत्ता बदलला तरी कळवावं लागतं.

प्रमाणपत्र आल्यावर भारीतल्या लेटरहेडवर पत्रंही येऊ लागली: ‘तुमचा ट्रेडमार्क आमच्या आंतरराष्ट्रीय यादीत घ्या, इतके डॉलर भरा.’ पत्ते आणि क्रमांक सगळ्यांना दिसतात, तिथूनच हे लोक उचलतात. सरळ फाडून टाका.

मुदत १० वर्षं, पण ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत त्यातला काही काळ संपलेला असतो. नूतनीकरण मुदत संपण्याआधी वर्षभरात कधीही करता येतं. ऑनलाइन फी एका वर्गाला ९,००० रुपये, इथे छोट्यांना सवलत नाही. मुदत उलटल्यावर सहा महिन्यांपर्यंत ४,५०० जादा भरून निभावतं. त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत नाव परत मिळवायचा अर्ज करता येतो, पण त्याचे आणखी ९,००० वर. आमच्या दोन वर्गांच्या तारखा आता वेगवेगळ्या पडणार, म्हणून दोन्ही दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यात.