डेअरीतले प्रेशर गेज आणि थर्मामीटर बदलले, त्याला अकरा महिने झाले

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या फिटरचा हात भाजला. वाफेच्या लाइनवरचा एक फ्लँज, म्हणजे पाइपचे तुकडे बोल्टने जोडणारा सांधा, गळत होता. त्याने शेजारचा गेज पाहिला, काटा शून्यावर. लाइन बंद आहे असं समजून बोल्ट सैल केले आणि वाफ थेट मनगटावर आली. नंतर गेज उतरवून पाहिला तर तोंडाचं भोक गंजाने आणि गाळाने पार बुजलेलं. लाइन थंड असताना ते बुजलं, सकाळी वाफ चढली, पण काट्यापर्यंत दाब पोचलाच नाही. पोरगा तीन आठवड्यांनी कामावर आला. "साहेब, काटा शून्यावर होता," एवढंच तो म्हणाला. ते वाक्य माझ्या डोक्यातून आजही गेलेलं नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध प्रकल्पात देखभाल विभाग पाहतो. त्या प्रकारानंतर वरिष्ठांकडे हट्ट धरला आणि दसऱ्याच्या आधी जवळजवळ सगळे गेज आणि थर्मामीटर बदलून घेतले. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्यांचीही पूजा झाली. त्यानंतर थंडीतला भरपूर दुधाचा हंगाम आणि मेचा उन्हाळा, दोन्ही त्यांनी पाहिले.

सगळ्यात मोठी सुधारणा झाली ती रेंजमध्ये. आधी स्टोअरमध्ये सोय म्हणून ० ते २१ किलोचा (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो दाब) एकच गेज ठेवलेला असायचा आणि तोच सगळीकडे लागायचा. बॉयलर १०.५४ किलोचा, तिथे तो ठीक. पण दाब कमी करून पाश्चरायझरकडे (दूध तापवून जंतू मारणाऱ्या यंत्राकडे) जाणारी वाफ ३ किलोची, तिथेही तोच! गेजची अचूकता पूर्ण डायलच्या टक्क्यांत मोजतात. क्लास १.६ म्हणजे २१ किलोच्या डायलवर साधारण ०.३४ किलोची चूक कुठेही चालते. ३ किलोच्या लाइनवर ही चूक अकरा टक्क्यांच्या घरात जाते. आता तिथे ० ते ६ चा गेज आहे आणि काटा मध्यावर उभा असतो. दारातून आत येतानाच ऑपरेटरला कळतं. रोजचा दाब डायलच्या अर्ध्यापासून पाऊण भागापर्यंत पडेल अशी रेंज घ्या. आणि काट्याला शून्यावर अडवणारी खुंटी नसेल तर उत्तम, कारण काटा शून्याच्या खाली घसरलेला असला तर खुंटी ते झाकून टाकते.

वाफेच्या ठिकाणी पैसे गेजपेक्षा सायफनवर, म्हणजे लाइन आणि गेज यांच्यामधल्या वाकवलेल्या नळीवर, खर्च करा, हे मी कळकळीने सांगतो. गेजच्या आत एक वाकवलेली चपटी नळी असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते. युजीन बोर्डनने १८४९ मध्ये पेटंट घेतलं तीच ही रचना. वाफ थेट त्या नळीत शिरली तर नळीची ताकद जाते आणि डाक लावलेले सांधे सुटतात. ३ किलोची वाफ १४३ अंशांच्या आसपास असते, बॉयलरची १८५ च्या. सायफनच्या वेटोळ्यात पाणी साचून राहतं आणि गेजपर्यंत फक्त दाब पोचतो. आमच्याकडे आता गेजच्या पाठीवर हात ठेवता येतो. उभ्या टॅपिंगला (पाइपवर गेज जोडायच्या तोंडाला) गोल वेटोळं आणि आडव्या टॅपिंगला यू आकाराचा सायफन घेतला. प्रत्येकाखाली कॉक आहे आणि दर सोमवारी सायफन फुंकून काढतो, म्हणजे ते भोक पुन्हा बुजणार नाही. फुंकल्यावर लगेच गेज जोडायचा नाही, वेटोळ्यात पाणी साचू द्यायचं. पहिल्या महिन्यात एका शिफ्टने घाई केली आणि नवा कोरा गेज गमावला.

आणि एक नियम भिंतीवर लिहून लावला आहे: गेज काहीही दाखवो, ड्रेन उघडून पाहिल्याशिवाय फ्लँजला पाना लावायचा नाही.

ग्लिसरीन भरलेल्या गेजबद्दल माझं मत मात्र बदललं. ते सगळीकडेच चांगले, असं मला वाटायचं. पंप आणि कॉम्प्रेसरवर ते खरंच उत्तम आहेत. काटा थरथरत नाही, आतले दाते झिजत नाहीत. पण किंमत साध्याच्या जवळपास तिप्पट, आणि शंभर अंशांच्या वर ते नेऊ नयेत. दुसरी गोष्ट मेमध्ये कळली. बर्फपाण्याच्या लाइनवरचा ० ते ४ चा गेज दुपारी २.५ ऐवजी २.३ दाखवायचा आणि सकाळी पुन्हा बरोबर. दोन दिवस आम्ही पंप तपासत बसलो. गेजच्या डोक्यावर रबरी बूच असतं. वाहतुकीत ग्लिसरीन सांडू नये म्हणून ते घट्ट बंद करून येतं आणि गेज बसवल्यावर त्याची वाट मोकळी करायची असते. ते कोणीच केलं नव्हतं. उन्हात पेटीच्या आत दाब वाढायचा, तो नळीला बाहेरून दाबायचा आणि काटा मागे राहायचा. लहान रेंजवर हा फरक दिसतो, मोठ्या रेंजवर लपून राहतो.

थंडावा तयार करणाऱ्या अमोनियाच्या बाजूला पर्याय नाही, आतून पूर्ण स्टेनलेसच हवा. पितळ आणि तांब्याच्या मिश्रधातूंना अमोनिया खाऊन टाकतो. डायलवर दाबाशेजारी अमोनियाच्या तापमानाचीही पट्टी असलेले गेज घेतले. १२.७ किलो म्हणजे कंडेन्सर (अमोनियाच्या वायूचा द्रव करणारा भाग) ३५ अंशांवर, हे ऑपरेटर आता बघता बघता सांगतो.

पाश्चरायझरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तिथे कच्चं आणि पाश्चराइज्ड दूध एकाच प्लेटच्या दोन बाजूंनी वाहतं. पाश्चराइज्ड बाजूचा दाब थोडा जास्त ठेवावाच लागतो, म्हणजे प्लेटला चीर गेली तरी कच्चं दूध तयार दुधात मिसळणार नाही. हा फरक छोटा असतो आणि तो वाचायला दोन्ही गेज एकाच रेंजचे, क्लास १ चे हवेत. साध्या गेजवर चारशे-पाचशे रुपये वाचवायला जाऊन इथे दुधाशी खेळू नये. शिवाय दुधाला सपाट डायफ्रॅमचाच, म्हणजे तोंडावर पातळ पडदा असलेला, गेज लागतो. साध्या गेजच्या अरुंद तोंडात दूध साचतं, नासतं आणि सीआयपीचं (यंत्र न उघडता आतून धुण्याचं) गरम कॉस्टिकचं पाणी तिथे पोचत नाही. होमोजिनायझरवरही (दुधातली स्निग्धता बारीक करून एकजीव करणाऱ्या यंत्रावरही) हाच नियम. काटा शांत करायला नीडल व्हॉल्व्ह किंवा बारीक भोकाचा तुकडा लावावा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तेलाच्या लाइनवर तो बरोबर, दुधावर अजिबात नाही.

थर्मामीटरची गोष्ट वेगळी निघाली. डायलचे बायमेटल (दोन धातूंच्या पट्टीवर चालणारे) थर्मामीटर नवे, प्रमाणपत्रासह आलेले. लावल्यावर गरम पाण्याच्या लाइनवर ७१ दाखवत होते, कंट्रोलरचा पीटी-१०० (विजेवर तापमान मोजणारा सेन्सर) मात्र ७८. पुरवठादाराला फोन करायच्या आधी थर्मामीटर उतरवून बर्फाच्या लगद्यात बुडवला, शून्य बरोबर. दोष बसवण्यात होता. बायमेटलची संवेदना दांड्याच्या टोकाकडच्या दोनेक इंचांत असते, आमचा पाइप दीड इंची. निम्मा दांडा पाण्याबाहेर, थंड पॉकेटमध्ये (थर्मामीटर ज्यात बसतो त्या बंद नळीत). आता तो एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावर, बसवला आहे, दांडा पाण्याच्या धारेत लांबीने राहतो, आणि पॉकेटमध्ये उष्णता पोचवणारी पेस्ट भरली आहे. फरक अर्ध्या अंशावर आला. उकळत्या पाण्यावर तपासणार असाल तर उंची लक्षात घ्या. आमचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. नव्याने लागलेल्या मुलाने याच कारणाने चार चांगले थर्मामीटर बाद करून ठेवले होते.

साईच्या टाकीत बुडवायला जुने पाऱ्याचे काचेचे थर्मामीटर होते, ते सगळे पहिल्याच आठवड्यात काढले. दुधात पारा सांडण्याची शक्यतासुद्धा मला नको होती.

तक्रारी दोन. होमोजिनायझरवरच्या गेजची काच नवव्या महिन्यात धुरकट झाली, आत ओल शिरली आहे. तो परत पाठवला, बदली अजून आलेला नाही. दुसरी, डायलचा आकार. काटकसर म्हणून आइस बँकवर (बर्फपाणी तयार करणाऱ्या टाकीवर) ६३ मिलीमीटरचे गेज घेतले आणि ते शिडी लावल्याशिवाय वाचता येत नाहीत. शिडी लागली की नोंद अंदाजाने होते, हे रजिस्टरमध्ये मला स्पष्ट दिसतं: सलग बारा दिवस एकच आकडा. या दसऱ्याला तिथे १५० मिलीमीटरचे लावणार आहे. मागणीपत्रावर रेंज, क्लास, टॅपिंगचा आकार, द्रवाचं नाव आणि गेज जमिनीपासून किती उंचीवर बसणार, हे पाचही रकाने भरून ठेवले आहेत.