रोझेशियासाठी आयव्हरमेक्टिन १% क्रीम: पाच महिने वापरून आणि चहा बशीत ओतून

आधी थेट सांगते, क्रीम चांगलं आहे, मला फरक पडला, परत घेईन. पण नुसतं क्रीम लावून गाल शांत झाले असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून सगळंच सविस्तर लिहितेय. माझं वय ४२, रंग गव्हाळ, राहायला कोल्हापूर, शाळेत शिकवते, रोज गाडीवर जाणं-येणं. हे सांगायचं कारण म्हणजे रोझेशिया (चेहऱ्यावर टिकून राहणारी लाली, आग आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा आजार) हा गोऱ्या लोकांचा आजार असा बऱ्याच जणांचा समज आहे, आणि आपल्यासारख्या रंगावर ती लाली लाल दिसतच नाही, तांबूस काळपट दिसते. लोक म्हणतात उन्हाने रापलीस. मलाही दोन वर्षं तेच वाटत होतं. पण रापलेल्या गालाची अशी आग होत नाही, आणि वर्गात चौथा तास संपेपर्यंत गालावर तवा ठेवल्यासारखं तापत नाही.

त्या दोन वर्षांत घरच्यांनी एकच निदान केलं, अंगात उष्णता वाढलीय. मग सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी, वांगं बंद, अंडी बंद, पपई बंद. मी सगळं मनापासून केलं, आणि गाल तसेच. त्यात एकीने सुचवलं म्हणून मेडिकलमधून एक गोरं करायचं मलम आणलं (नाव लिहीत नाही), आठ दिवसांत चेहरा इतका स्वच्छ झाला की मी खूश. दीड महिन्याने बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी चेहरा असा भडकला की पदर लागला तरी चुरचुरत होतं. त्यात स्टेरॉइड होतं. खोक्यावर बारीक अक्षरात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल असं काही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोंडाला लावू नका, हात जोडून सांगते. २०१८ पासून ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी मला कुणी चिठ्ठी विचारली नाही. याने आधी नसलेला रोझेशियासुद्धा होऊ शकतो, असलेला तर वाढतोच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी केलेली एक गोष्ट डोळ्यासमोरून जात नाही. काचेची छोटी पट्टी घेतली, माझ्या गालावर दाबली आणि मला आरसा दिला. काचेखालची लाली गायब, कातडी फिकट. काच उचलली की दोन सेकंदांत रंग परत भरला. म्हणाल्या, "हे बघा, हा डाग नाही, हे रक्त आहे, तुमच्या बारीक नसा फुगून राहिल्यात." मग विचारलं की ब्लॅकहेड्स आहेत का, नव्हतेच, नुसत्या पुटकुळ्या होत्या नाकाच्या दोन्ही बाजूंना. पिंपल्समध्ये ब्लॅकहेड्स असतात, रोझेशियात नसतात, हा मोठा फरक. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का हेही विचारलं, आणि होत होतं! मी ते पेपर तपासण्यावर ढकलत होते. रोझेशिया डोळ्यांतही होतो, त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आता क्रीमबद्दल. आयव्हरमेक्टिन म्हटलं की सगळ्यांना कोरोनातली गोळी आठवते, किंवा गोठ्यातल्या जनावरांचं जंताचं औषध. औषध तेच. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेलं, ज्यांनी शोधलं त्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. रोझेशियासाठी १ टक्क्याच्या क्रीमला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे डोळ्याला न दिसणारे किडे असतात, रोझेशियावाल्यांच्या चेहऱ्यावर जास्त सापडतात, त्यांना हे मारतं आणि शिवाय सूजही कमी करतं. ऐकून मला शिसारी आली होती, पण यात स्वच्छतेचा काही संबंध नाही, घासून धुतलं तर उलट वाढतं. आणि जनावरांचं औषध स्वस्त म्हणून तोंडाला लावायचं नाही, कृपा करून.

लावायची पद्धत सोपी. रात्री एकदाच. कपाळ, नाक, हनुवटी, दोन गाल, प्रत्येक जागी मटारच्या दाण्याएवढं, पातळ पसरायचं, डोळे आणि ओठ सोडून. क्रीम मऊ आहे, चिकट नाही, वास जवळजवळ नाही, उशीला लागत नाही. पहिले आठ-दहा दिवस जरा जास्तच कोरडं वाटलं आणि थोडं चुरचुरलं, मी घाबरून दोन दिवस सोडलं, मग डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या वरून साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि चालू ठेवा. चौथ्या आठवड्यात पुटकुळ्या कमी यायला लागल्या, तिसऱ्या महिन्यात नव्या येणं जवळपास थांबलं. म्हणजे धीर पाहिजे, पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून ट्यूब फेकणाऱ्यांसाठी हे नाही. आणि खरं सांगायचं तर पुटकुळ्यांवर हे उत्तम, पण मागची सरसकट लाली याने निम्मीच गेली. त्या फुगलेल्या नसा क्रीमने आत जात नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

सोबत सुरुवातीचे सहा आठवडे कमी डोसची डॉक्सिसायक्लिन होती, ती अँटिबायोटिक म्हणून नाही तर सूज उतरायला देतात. ती दुधाबरोबर घ्यायची नाही, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, मी एकदा रात्री गोळी घेऊन तशीच झोपले तर छातीत नुसती जळजळ. ऊनही जास्त लागतं तिच्यावर. दिवस गेलेल्या बायकांना ही गोळी चालत नाही. सकाळी ॲझेलेइक ॲसिड १५ टक्के जेल. हे पहिल्यांदा मुंग्या चावल्यासारखं खाजतं, पण आपल्या रंगाला त्याचा एक जास्तीचा फायदा आहे, पुटकुळी गेल्यावर जो काळा डाग मागे राहतो तो यानेच फिका झाला. मला दोन्हीतलं एकच परवडणार असेल तर मी आयव्हरमेक्टिन घेईन, डागांचा त्रास जास्त असेल तर ॲझेलेइक.

सनस्क्रीनवर माझे सगळ्यात जास्त पैसे वाया गेले. झिंक ऑक्साइडवालं घ्या म्हणाल्या कारण ते चुरचुरत नाही, पण पहिलं आणलेलं लावलं की तोंडावर राख फासल्यासारखं. टिंट असलेलं मिळालं तेव्हा सुटले. गाडीवर मी जो सिंथेटिक स्कार्फ गच्च बांधायचे तो बंद करून मलमलचा सैल बांधते, आत वाफ कोंडत नाही, एवढ्यानेसुद्धा शाळेत पोचल्यावरची आग कमी झाली.

आता खाण्याचं, कारण सगळे हेच विचारतात. डॉक्टरांनी कुठलीही यादी दिली नाही, याचा मला तेव्हा राग आला होता. म्हणाल्या एक वही करा, काय खाल्लं, कुठे होता, गाल कधी तापले. शाळेच्या जुन्या वहीत तीन रकाने पाडले आणि पाच आठवडे इमानदारीत लिहिलं. वांगं, अंडी, पपई, शेंगदाणे यांच्यासमोर काहीच नाही. टोमॅटोसुद्धा नाही, जो बऱ्याच जणांना त्रास देतो. आणि पान उलटून बघते तर सकाळी सव्वासहा, साडेदहा, दुपारी चार, रोज त्याच वेळा. चहा! मी चहा उकळता पिते, कपातून वाफ येत असताना पहिला घोट नाही घेतला तर मला तो चहाच वाटायचा नाही.

मला वाटलं चहा सोडावा लागणार, रडायला आलं होतं. पण दोष चहाचा नव्हता, उष्णतेचा होता, आणि आजी म्हणायची ती अंगातली उष्णता नाही, साधी थर्मामीटरने मोजता येते ती. १९८१ मध्ये विल्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी रोझेशियाच्या पेशंटना गरम कॉफी, थंड कॉफी आणि नुसतं गरम पाणी देऊन बघितलं होतं, तर गरम पाण्यानेही तशीच लाली आली आणि थंड कॉफीने आली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ८२ हजारांवर नर्सेसच्या माहितीत तर रोज भरपूर कॉफी पिणाऱ्यांमध्ये रोझेशिया उलट कमी दिसला. तेव्हा माझ्या सासूबाईंनी कपाट उघडून जुन्या कपबश्या काढल्या आणि म्हणाल्या, "अगं, बशीत ओत की, आम्ही काय आयुष्यभर उगीच पितो का बशीतनं?" तेव्हापासून बशी. ओतायचं, दोन फुंकरा, कडेला वाफ दिसेनाशी झाली की प्यायचं. वहीतल्या त्या तीन वेळा दुसऱ्या आठवड्यापासून कोऱ्या दिसायला लागल्या. पाच महिन्यांत मी केलेली ही सगळ्यात स्वस्त ट्रीटमेंट.

तिखटाचं मात्र खरं निघालं, आणि कोल्हापुरात राहून हे लिहिताना जीवावर येतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या टोकांवरचं जे बटण दाबतं तेच बटण उष्णतेनेही दाबलं जातं, म्हणून तिखट खाल्ल्यावर आपण "भाजलं" म्हणतो, शरीराला खरंच तसं वाटतं. तांबडा रस्सा गरम आणि तिखट दोन्ही, माझे गाल दहा मिनिटांत पेटतात. मी हुशारी करून पांढऱ्यावर गेले तर तोही उकळता, वर मिरी आणि दालचिनी, आणि दालचिनी काही जणांना त्रास देते. आता पांढरा घेते पण कोमट, वाटीभर, आणि घरच्या भाजीत कांदा-लसूण मसाला पूर्वीच्या निम्मा. भाकऱ्या करताना तव्यावर वाकून उभी राहायचे ते बंद, टेबलफॅन ओट्याकडे वळवलाय आणि मध्ये एकदा ओला रुमाल गालाला. या गोष्टी तुम्हाला लागू पडतीलच असं नाही, कुणाला दही, कुणाला वाइन, कुणाला लिंबू, ते तुमच्या वहीलाच विचारा. पण एकावेळी एकच गोष्ट बंद करा, सगळं एकदम सोडलं तर कशाने फरक पडला तेच कळत नाही आणि माणूस विनाकारण उपाशी राहतो.

क्रीमला पाचपैकी चार. एक कापला कारण लाली पूर्ण जात नाही, आणि ३० ग्रॅमची ट्यूब पूर्ण चेहऱ्याला लावली तर फार दिवस पुरत नाही, ब्रँडप्रमाणे किंमतही बरीच बदलते तेव्हा डॉक्टरांना स्वस्तातला ब्रँड विचारून घ्या.

राहिलेल्या नसांसाठी लेसरचं बघतेय. एका ठिकाणी चौकशीला गेले तर गालाला हातही न लावता सहा सेशनचं आयपीएल (लेसर नव्हे, तीव्र प्रकाशाचे झोत) पॅकेज आणि आजच पैसे भरले तर सूट, मी उठून आले. आयपीएलने सावळ्या रंगाला भाजून काळे डाग पडू शकतात, माझ्या डॉक्टर म्हणतात आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी याग लेसर जास्त सुरक्षित, तेही आधी कानाजवळ छोटा टेस्ट पॅच करून महिनाभर वाट बघायची. दिवाळीनंतर ऊन उतरलं की पॅच करून घेणार आहे.